लशीची राखण

१४ जून १८०२ या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. देवीरोगावर एडवर्ड जेन्नर यांनी शोधलेली लस भारतात यशस्वीपणे दिली गेली ती या मुलीपासून. जेन्नर यांनी आपला प्रयोग इंग्लंडमध्ये १७९६ साली केला होता. म्हणजे शोध लागल्यावर तो आपल्याकडे पोहोचायला सहा वर्षे गेली. या विलंबाचे एक मोठे कारण प्रवास हे होते. लशीचा द्रव दोऱ्यांवर वाळवून जहाजाने पाठवला जाई, पण लांबच्या प्रवासात आणि उष्णतेत त्यातील सामर्थ्य नाहीसे होई. बंदरात उतरलेली लस दिसायला लसच असे, परंतु तिचा उपयोग होत नसे. अखेर एक वेगळाच मार्ग काढावा लागला. एका माणसाच्या दंडावर लशीमुळे आलेल्या फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचायचा, त्याला फोड आला की तिसऱ्याच्या दंडावर टोचायचा, अशी माणसांचीच साखळी करून ती लस बगदाद आणि बसरा येथून मुंबईला आणली गेली. पुढे ॲनाच्या दंडावरील फोडातून इतर मुलांना आणि तेथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी ती देशभर पसरली. आपल्याकडे लस टोचण्याला पुढे कितीतरी वर्षे ‘देवी काढणे’ असेच म्हणत असत.

दंडांची ती साखळी आता राहिली नाही. तिच्या जागी शीतसाखळी आली. तरीही १८०२ सालचा प्रश्न अजून तोच आहे. कारखान्यात तयार झालेली लस बाळाच्या दंडापर्यंत तिचे सामर्थ्य न गमावता कशी पोहोचवायची? लस शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव आपण पुस्तकात वाचतो. लस टोचणारी परिचारिका आपण डोळ्यांनी पाहतो. या दोघांच्या मध्ये लस जपणारा जो माणूस उभा असतो, त्याची मात्र आपल्याला फारशी ओळख नसते. पुष्कळ ठिकाणी हा माणूस औषधनिर्माता, म्हणजे फार्मासिस्ट, असतो. त्याच्या कामाची ओळख या पाठात करून घेऊ.

‘औषधनिर्माता’ हा शब्द आज थोडा फसवा वाटतो, कारण आताचा औषधनिर्माता सहसा औषध निर्माण करीत नाही. एके काळी तो खरोखरच करीत असे. दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत कंपाउंडर बसे. चिठ्ठी पाहून तो द्रव्ये मोजून मिश्रण बनवी आणि बाटलीवर कात्रीने कातरलेली कागदाची पट्टी चिकटवून किती औषध एका वेळी घ्यायचे याच्या खुणा करून देई. घरातील वडीलधाऱ्यांना अशा बाटल्या आठवत असतील. आता गोळ्या, द्रव औषधे, इंजेक्शने सारे कारखान्यातून तयार होऊन येते. म्हणून या व्यवसायाचे महत्त्व कमी झाले असे कोणाला वाटेल, पण तसे झालेले नाही. बनवण्याचे काम गेले, तरी सांभाळण्याचे, तपासण्याचे आणि समजावून सांगण्याचे काम वाढले.

आपल्या देशात औषधनिर्माणशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांच्या प्रयत्नांनी सुरू झाले. १९४८ साली फार्मसी कायदा आला आणि नोंदणीकृत औषधनिर्मात्याशिवाय इतर कोणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देऊ नये, असे त्याने ठरवले. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रातील या पदाला ‘औषधनिर्माण अधिकारी’ म्हणतात. औषधांच्या साठ्याबरोबर लशींचा साठाही पुष्कळदा याच अधिकाऱ्याच्या ताब्यात असतो. काही ठिकाणी ही जबाबदारी परिचारिका किंवा आरोग्य सहायक सांभाळतात. पद कोणतेही असो, काम एकच असते.

हे काम अवघड का आहे, हे समजण्यासाठी लस आणि साधी गोळी यांतील फरक लक्षात घेतला पाहिजे. तापाची गोळी कपाटात महिनोन्‌महिने राहू शकते. लस मात्र जिवंत पण दुबळे केलेल्या जंतूंपासून, मेलेल्या जंतूंपासून किंवा जंतूंच्या एखाद्या अंशापासून बनलेली असते. अशी द्रव्ये उष्णतेने बिघडतात. त्यांतील काही उन्हाने बिघडतात, तर काही गोठल्यानेही बिघडतात. त्यातही मोठी अडचण अशी की हा बिघाड सहसा दिसत नाही. दूध नासले तर वासाने कळते, आंबा सडला तर डोळ्यांना दिसतो. उष्णतेने निकामी झालेली लस मात्र पूर्वीसारखीच स्वच्छ दिसते. ती टोचली तरी बाळ रडते, दंड थोडा दुखतो, कार्डावर तारखेची नोंद होते आणि आई निश्चिंत होऊन घरी जाते. बाळाला संरक्षण मिळालेलेच नाही हे कळते ते गावात गोवर किंवा घटसर्प आल्यावर. म्हणून लशीचा बिघाड घडल्यावर ओळखण्यापेक्षा तो घडू न देणे हाच खरा उपाय होय.

देवीरोगाच्या निर्मूलनाची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पूर्वीची द्रवरूप लस आपल्या उन्हाळ्यात टिकत नसे. गोठवून वाळवलेली, म्हणजे भुकटीच्या रूपातील लस आली आणि तीच लस उन्हातान्हातून खेडोपाडी नेता येऊ लागली. १९७५ च्या मे महिन्यात देशातील शेवटचा देवीचा रुग्ण आढळला. त्या विजयात हजारो कार्यकर्त्यांचे कष्ट होते, परंतु टिकाऊ लस हाती नसती तर ते कष्ट पुष्कळसे वाया गेले असते.

आज केंद्र शासनाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात दर वर्षी सुमारे अडीच कोटींहून अधिक नवजात बालकांना आणि त्याहून थोड्या जास्त गर्भवती स्त्रियांना विनामूल्य लस देण्याचे उद्दिष्ट असते. हा कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. त्यासाठीची लस कारखान्यातून निघते, मुंबई, कर्नाल, चेन्नई व कोलकाता येथील शासकीय औषध भांडारांत किंवा थेट राज्याच्या भांडारात येते, तेथून विभाग, मग जिल्हा, मग प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शेवटी खांद्याला लावलेल्या पेटीतून अंगणवाडीपर्यंत जाते. या सगळ्या वाटेवर बहुतेक लशींना २ ते ८ अंश सेल्सिअस एवढ्याच तापमानात ठेवावे लागते. पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लशीला वरच्या भांडारांत उणे २० अंशांच्या आसपास ठेवतात. कोविडची लस देशात आली तेव्हा अशी सुमारे २९ हजार शीतसाखळी केंद्रे देशभर उभी होती. ती आयत्या वेळी उभारता आली नसती.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतगृह म्हणजे एखादी छोटीशी खोली असते. तिच्यात सहसा दोन उपकरणे शेजारी शेजारी दिसतात. एक आय.एल.आर., म्हणजे आतून बर्फाचे अस्तर असलेला, वरून उघडणारा शीतकपाट, आणि दुसरा डीप फ्रीझर. लस पहिल्यात राहते. दुसऱ्यात फक्त पेटीसाठी लागणारे बर्फाचे पॅक गोठवतात. घरच्या फ्रिजपेक्षा आय.एल.आर. वेगळा आहे. त्याच्या भिंतींतील बर्फ वीज गेल्यावरही थंडावा धरून ठेवतो, त्यामुळे दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी त्याचे काम भागते. दार वरच्या बाजूस असल्याने उघडल्यावर गार हवा खाली सांडत नाही. भारनियमन सोसलेल्या आपल्या खेड्यांना अशाच उपकरणाची गरज होती.

औषधनिर्माण अधिकाऱ्याचा दिवस या शीतकपाटातील तापमापी पाहून सुरू होतो आणि ती पुन्हा पाहून संपतो. दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहायचे असतात, सुट्टीच्या दिवशीही. हे काम कंटाळवाणे आहे यात शंका नाही. आठवड्यानंतर सारे आकडे एकदम भरून टाकण्याचा मोह होऊ शकतो. पण मध्ये एका रात्री तापमान शून्याखाली गेले असेल तर ते अशा वहीतून कधीच कळणार नाही.

शून्याखाली गेले तर काय बिघडले, असा प्रश्न येथे पडेल. लस जितकी थंड तितकी चांगली, अशी समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. कावीळ-ब, धनुर्वात व घटसर्प यांवरील लस, पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट लस, अशा अनेक लशींत ॲल्युमिनियमचे क्षार मिसळलेले असतात. लशीचा परिणाम वाढवण्यासाठी ते घातलेले असतात. लस गोठली की या क्षारांचे बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. नंतर ती वितळली तरी पूर्वीसारखी होत नाही. आपल्याकडे सगळे लक्ष उन्हापासून बचावण्याकडे असते, म्हणून हा दुसरा धोका दुर्लक्षित राहतो. यासाठी शीतकपाटात लशी मांडण्याचाही नियम आहे. गोवर-रुबेला, बी.सी.जी. आणि पोलिओची तोंडावाटे देण्याची लस या उष्णतेला भिणाऱ्या लशी खालच्या, अधिक गार भागात ठेवायच्या आणि गोठण्याला भिणाऱ्या लशी वरच्या भागात. कोणतीच कुपी तळाला थेट टेकवायची नाही.

लस गोठली असल्याची शंका आली तर ती पडताळण्याची एक साधी पण सुंदर पद्धत आहे. त्याच लशीची, त्याच गटक्रमांकाची एक कुपी मुद्दाम गोठवायची आणि मग वितळवायची. ही झाली तुलनेची कुपी. आता ही आणि शंकास्पद कुपी दोन्ही एकाच हातात धरून जोराने हलवायच्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहत राहायचे. गोठलेल्या कुपीत गाळ लवकर तळाशी बसतो, वरचे पाणी निवळते. चांगल्या कुपीतील द्रव बराच वेळ गढूळ राहतो. शंकास्पद कुपीतला गाळही तुलनेच्या कुपीइतक्याच वेगाने बसला, तर ती लस बाद. एका कुपीवर ही चाचणी करून काही कळत नाही, दोन कुप्या शेजारी असल्याच पाहिजेत. यासाठी यंत्र लागत नाही, पण अर्धा तास उभे राहून पाहण्याची तयारी लागते.

उष्णतेची गोष्ट कळण्यासाठी आता कुपीवरच एक खूण असते. १९९६ साली ती पोलिओच्या लशीवर प्रथम आली आणि नंतर इतर लशींवरही आली. एका रंगीत वर्तुळात एक पांढरा चौकोन असतो. कुपीला जसजशी उष्णता लागेल तसतसा तो चौकोन काळवंडत जातो आणि एकदा काळवंडला की पुन्हा उजळत नाही. चौकोन भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरता येते. चौकोनाचा रंग वर्तुळाएवढा किंवा त्याहून गडद झाला की ती कुपी टाकून द्यायची. अक्षरओळख नसलेली आईसुद्धा ही खूण पाहू शकते. मात्र ही खूण फक्त उष्णता दाखवते, गोठणे दाखवत नाही, ही तिची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे.

लसीकरणाच्या दिवशी सकाळी पेटी भरण्याचे काम असते. फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक लगेच पेटीत ठेवले तर त्यांना टेकलेल्या कुप्या गोठतील. म्हणून ते पॅक आधी टेबलावर मांडून ठेवायचे. पृष्ठभागावर घाम आल्यासारखे थेंब जमले आणि पॅक कानाजवळ नेऊन हलवल्यावर आत पाणी खळखळले, की तो पेटीत घालण्याजोगा झाला. चार पॅक चारी बाजूंनी, मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत कुप्या, वर घट्ट झाकण, आणि मग ती पेटी ओढा ओलांडून वस्तीवर जायला निघते. अनुभवी माणूस हे काम इतक्या सहज करतो की पाहणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

वस्तीवर कुपी उघडली की वेळेचे गणित सुरू होते. बी.सी.जी. आणि गोवर-रुबेला या भुकटीच्या लशी आहेत. द्रावक मिसळल्यावर त्या चार तासांतच वापरायच्या. उरल्या तर टाकून द्यायच्या. पेंटाव्हॅलंट किंवा धनुर्वाताची उघडलेली कुपी मात्र तापमान, खूण आणि स्वच्छता सांभाळली असेल तर अठ्ठावीस दिवसांपर्यंत पुन्हा वापरता येते. लहानशा पाड्यावर गोवराच्या लशीला एकच बाळ आले तर काय करायचे? एका बाळासाठी पाच मात्रांची कुपी उघडली तर चार मात्रा वाया जातील, नाही उघडली तर बाळ परत जाईल, आणि परत गेलेले बाळ पुन्हा येईलच असे नाही. आपल्या कार्यक्रमाचे धोरण एका बाळासाठीही कुपी उघडावी असे आहे आणि ते योग्य आहे. त्यासाठी मागणी नोंदवतानाच वाया जाणाऱ्या मात्रांचा हिशेब धरावा लागतो. येथे औषधनिर्मात्याचे साठ्याचे शास्त्र कामी येते. किती बालके, किती मात्रा, किती नासाडी, कोणत्या कुपीची मुदत आधी संपते, या साऱ्यांचा मेळ घातला तरच अंगणवाडीत आलेल्या आईला ‘लस संपली, पुढच्या महिन्यात या’ असे ऐकावे लागत नाही. २०१५ पासून या नोंदी ई-विन नावाच्या व्यवस्थेत मोबाइलवरून भरल्या जाऊ लागल्या, त्यामुळे कोणत्या केंद्रात किती कुप्या आहेत हे जिल्ह्याला आणि राज्यालाही दिसू लागले.

आतापर्यंत आपण लस निकामी होण्याविषयी बोललो. हाताळणीतील चूक याहूनही भयंकर ठरू शकते. मुंबईशी जोडलेली एक जुनी घटना याची साक्ष देते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळ येथील प्रयोगशाळेतून ही लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना ती देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. नंतर पुरावे नीट तपासले गेले, तेव्हा असे दिसले की बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. पण सुटका व्हायला पाच वर्षे लागली, आणि त्या काळात लशीविषयी लोकांच्या मनात बसलेली भीती कोणत्या अहवालाने निघणार होती?

शंभर वर्षांनंतरही अशी घटना घडू शकते, हे प्रशांत महासागरातील सामोआ या बेटांच्या देशात दिसून आले. जुलै २०१८ मध्ये तेथील एका रुग्णालयात गोवराची लस दिल्यावर दोन तान्ही बालके काही मिनिटांत दगावली. लस निर्दोष होती. तिच्या भुकटीत पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे, शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचे औषध चुकून मिसळले गेले होते. सरकारने ते लसीकरण कित्येक महिने थांबवले. ते पुन्हा सुरू झाले तरी आयांचा विश्वास परतला नव्हता. २०१९ च्या अखेरीस तेथे गोवराची साथ आली. सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ८३ माणसे मेली आणि त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील बालके होती. डिसेंबरमध्ये दोन दिवस सरकारी कचेऱ्या बंद ठेवून लसपथके घरोघरी गेली. ज्या घरात लस राहिली होती त्या घराने दारावर लाल कापड बांधावे, असे लोकांना सांगण्यात आले होते. एका चुकीच्या कुपीने दोन जीव घेतले, आणि त्यातून निर्माण झालेल्या अविश्वासाने, इतर कारणांच्या जोडीने, शेकडो कुटुंबांना गोवराच्या तोंडी दिले.

लशीच्या शीतकपाटात लस आणि तिचे द्रावक यांखेरीज दुसरे कोणतेही औषध ठेवायचे नाही, हा नियम आता आपल्याला निराळ्या नजरेने दिसेल. प्रत्येक लशीचे द्रावक तिचेच असते. बी.सी.जी.चे मिठाचे द्रावण गोवराच्या लशीला चालत नाही. सारख्या दिसणाऱ्या कुप्या एकमेकींपासून दूर ठेवणे, नावे वाचून पाहणे, मुदत संपलेल्या वस्तू लगेच बाजूला काढणे हे औषधनिर्मात्याच्या प्रशिक्षणाचे अगदी प्राथमिक धडे आहेत. शीतगृहाची किल्ली अशा माणसाच्या हाती असण्याचे कारण हेच.

आता शासकीय केंद्रातून बाहेर पडून औषधाच्या दुकानाकडे वळू. हात कापला, खिळा लागला की आपण दुकानात जाऊन ‘टी.टी.चे इंजेक्शन’ मागतो. शासकीय कार्यक्रमात २०१९ पासून त्या जागी धनुर्वात आणि घटसर्प या दोहोंवरची टी.डी. लस आली आहे, हे सांगणारा पहिला माणूस बहुधा दुकानातील औषधनिर्माताच असतो. कुत्रा चावलेला माणूसही पुष्कळदा प्रथम दुकानातच येतो. कोणी जखमेवर मिरची भरलेली असते, कोणी चुना लावलेला असतो. ‘आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि आजच्या आज सरकारी दवाखान्यात जा’ एवढे एक वाक्य त्या वेळी जीव वाचवू शकते, कारण रेबीज झाल्यावर त्यावर खात्रीचा इलाज नाही. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, या भीतीने अजूनही काही लोक टाळाटाळ करतात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडात देतात आणि तिच्या मात्राही थोड्या असतात. गैरसमज दूर करण्याचे हे काम वरकरणी किरकोळ दिसते. २०१५ च्या औषधनिर्माण व्यवसाय विनियमांनी मात्र रुग्णाला समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्यच ठरवले आहे.

काही देशांनी याच्या पुढचे पाऊल टाकले आहे. तेथे औषधनिर्माता स्वतः लस टोचतो. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात असे प्रशिक्षण सुरू झाले आणि २००९ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांनी त्याला मान्यता दिली. पोर्तुगालमध्ये २००७ पासून दुकानात फ्ल्यूची लस मिळू लागली, तर इंग्लंडच्या शासकीय आरोग्यसेवेने २०१५ पासून औषधदुकानांना हे काम सोपवले. कारण सोपे आहे. दुकान घराजवळ असते, सायंकाळी उघडे असते, आणि कामावर जाणाऱ्या माणसाला त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागत नाही.

आपल्याकडे नियमित लसीकरणात औषधनिर्मात्याने लस टोचण्याची प्रथा नाही. कोविडच्या काळात मात्र दार थोडे किलकिले झाले. १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या मोहिमेसाठी केंद्राने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत लस टोचू शकणाऱ्या व्यक्तींच्या यादीत डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबरोबर औषधनिर्मात्यांचाही उल्लेख होता. मग ही सवलत कायमची का करू नये, असे या क्षेत्रातील अनेकजण विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर घाईने देता येणार नाही. लस टोचल्यावर अर्धा तास बसून राहायला जागा हवी. क्वचित एखाद्याला तीव्र प्रतिक्रिया आलीच, तर तत्काळ द्यायचे ॲड्रिनॅलिन आणि ते देण्याचे ज्ञान हवे. वीज गेली तरी थंड राहणारे शीतकपाट हवे. आणि सर्वांत आधी, दुकानात औषधनिर्माता प्रत्यक्ष हजर हवा. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि त्यावरील नावाचा माणूस भलतीकडेच, असा प्रकार आपल्या देशात अपरिचित नाही. प्रमाणपत्र भाड्याने देण्याची ही रीत मोडल्याशिवाय सुईचा अधिकार मागणे मला तरी उलट्या क्रमाचे वाटते. ज्या आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित औषधनिर्माण अधिकारी रोज उपस्थित असतात, तेथून आरंभ करणे अधिक सुरक्षित ठरेल.

तोपर्यंत दुकानातून लस विकत घेण्याची वेळ आपल्यावर येतेच. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, आपण लस घेऊन त्यांच्याकडे जातो. अशा वेळी ती कुपी आपल्यासमोर फ्रिजमधून काढली गेली पाहिजे. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली असेल, तर ती घेऊ नये. मुदतीची तारीख पाहावी. कुपीवर चौकोनाची खूण असेल तर तीही पाहावी. विक्रेत्याकडून पावती घ्यावी, कारण लशीच्या विक्रीसाठी दुकानाकडे योग्य तो परवाना असावा लागतो आणि पावतीवर गटक्रमांक असतो. बर्फाचा पॅक मागून घ्यावा, पण कुपी त्याला थेट चिकटू नये म्हणून मध्ये कागद किंवा कापड घालावे. खिशात, दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हातल्या पिशवीत ती ठेवू नये. वाटेत बाजारहाट न करता थेट दवाखाना गाठावा. लस टोचून झाल्यावर रिकाम्या कुपीवरील नाव आणि गटक्रमांक कार्डावर लिहून मागावा. पुढे काही त्रास झालाच, तर कोणत्या कुपीतून लस दिली गेली हे शोधण्याची वाट त्या क्रमांकापासूनच सुरू होते. मलकोवालच्या चौकशीलाही ती नेमकी बाटली सापडली ती तिच्यावर लिहिलेल्या क्रमांकामुळेच. तो क्रमांक होता ५३-एन.